पुऱ्यांची राखण

वडिलांच्या साहेबांच्या बायकोला मी अजून माफ केलेलं नाही. वय झालं की राग निवळतो म्हणतात. माझा मुरला आहे, लोणच्यासारखा.

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये माणसाची किंमत क्वार्टरवरून ठरायची. आमचं दोन खोल्यांचं, साहेबांचं बंगलीवजा, पुढे गुलाबाचे वाफे. वडील नागपूरहून कारखान्यात आलेले, चार्जमन. त्यांचं फोरमन होणं या साहेबांच्या एका गोपनीय शेऱ्यावर अडकलं होतं. त्या वर्षी एल.टी.सी.ची प्रवास-सवलत घेऊन विभागातल्या पाच कुटुंबांनी मिळून समुद्रावर जायचं ठरवलं. साहेबही सहकुटुंब येणार म्हटल्यावर वडिलांच्या अंगातच आलं. तिकिटं, धर्मशाळा, बस, सगळं यांनीच अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. पुढे पुढे करायची खोड, दुसरं काय!

आईने समुद्र पाहिलेला नव्हता. एरवी ती कशाचाच हट्ट करायची नाही, पण महिनाभर आधीपासून तिचं एकच चाललं होतं. गुडघाभर पाण्यात गेलं तर साडी ओढली जाते का? हे तिने शेजारच्या मल्याळी काकूंना तीनदा विचारलं. काकू म्हणाल्या, सिंथेटिक नेसा, लवकर वाळते. मग एक निळी फुलाफुलांची साडी तिने ट्रंकेत वेगळी काढून ठेवली.

"मी नुसती काठावर उभी राहणार नाही हं," ती मला सांगायची. "आपण दोघी आत उतरायचं. तू माझा हात धर म्हणजे झालं."

टाउनशिपची माणसं प्रवासाला निघाली की स्वयंपाकघर उचलून सोबत नेतात. आम्ही स्टोव्ह नेला, रॉकेलचा डबा नेला, करोंद मंडीतला गहू दळून पीठही नेलं. बाहेरचं खाल्लं की पोट बिघडतं, यावर पाचही कुटुंबांचं एकमत होतं. रांधायचं कुणी, यावर मात्र कुणी चर्चाच केली नाही. समुद्रावरच्या उद्यानात जायचं त्या सकाळी आई उजाडायच्या आत धर्मशाळेच्या ओसरीत बसून बावीस माणसांच्या पुऱ्या तळत होती. लष्कराच्या भाकऱ्या याला म्हणतात. बाकीच्या बायका वेण्या घालत होत्या. साहेबांच्या बायकोने, तिला सगळे मॅडम म्हणत, येऊन भाजीत बोट बुडवलं आणि म्हणाली, "भाभी, नमक ज़रा कम है।"

उद्यान सरकारी होतं. बाहेर तारेचं कुंपण, आत सुरूची झाडी, हरणं, पाणपक्षी आणि पलीकडे वाळूचे दोन किनारे. आम्हाला फाटकाशी उतरवून बस डिझेल भरायला निघून गेली. तेवढ्यात काठी घेतलेला रखवालदार आडवा आला.

"खायचं काही आत न्यायचं नाही. माकडं अंगावर येतात."

पिशव्या आणि डबे मधे आणि भोवती आम्ही बावीसजण. आई म्हणाली, "आळीपाळीनं बसू या की. आधी मी बसते."

"अरे नहीं भाभी," मॅडम म्हणाली. "बनाया आपने है, आप ही सँभालिए। आपको तो वैसे भी धूप में चक्कर आते हैं।"

आईला आयुष्यात कधी चक्कर आली नव्हती. तिने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी साहेबांकडे पाहिलं आणि मग तिला म्हणाले, "बस ना गं. दोन तासांचा तर प्रश्न आहे. परत आलो की दाखवतो तुला."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. माझा हात तिच्या हातात होता. साहेबांच्या मुलीकडे दुर्बीण होती आणि फाटकातून आत गेल्याबरोबर आधी मला बघायला देईन असं ती म्हणाली होती. मी अकरा वर्षांची होते. मी हात सोडवून घेतला.

खोटं कशाला बोलू, मला आत मजा आली. हरणाचं पाडस पाहिलं. लाल खेकडे वाळूत शिरताना पाहिले. फ्रॉक वर धरून कमरेपर्यंत भिजले. साहेब पँट दुमडून पाण्यात शिरले तेव्हा वडील कोरड्या वाळूत उभे होते. एका हातात साहेबांचे बूट, दुसऱ्या हातात मॅडमची पर्स. समुद्राचं पाणी खारं आहे की नाही, हेसुद्धा त्या माणसाने चाखून पाहिलं नाही. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आज ते चित्र आठवलं की संताप होतो.

दोन तासांचे चार झाले. परत आलो तेव्हा फाटकाबाहेर चादरीवर माकडं पंगतीला बसलेली. एकाच्या हातात चळतभर पुऱ्या, दुसऱ्याचं तोंड भाजीने पिवळं. आईचा पत्ता नाही.

"बाई गेल्या," रखवालदार हसत म्हणाला. "समुद्राला दुसरीकडून वाट आहे का विचारलं. मी कोळ्यांची वाट दाखवली, कुंपणाच्या कडेनं. डब्यांचं काय म्हटलं, तर म्हणाल्या, ज्यांना खायचंय ते बघतील. आणि मुलगी आली की तिकडं पाठवा म्हणाल्या."

मॅडम कपाळाला हात लावून खाली बसली. वडिलांचा चेहरा उतरला. त्यांनी मला ढकललं, "जा, बोलावून आण तिला."

मी धावत गेले. ओढून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेली मासळी, आणि पुढे पाण्यात माझी आई, माझ्याकडे पाठ करून. पाणी गुडघ्यापर्यंत. एका हातात निऱ्या धरलेल्या, दुसरा हात नुसताच बाजूला, थोडा पुढे.

"आई!" मी ओरडले. "काय हे? सगळे उपाशी बसलेत तुझ्यामुळे! तुला काही कळतं का?"

ती वळली, पाण्यातून बाहेर आली आणि माझ्या मागे चालू लागली.

बसमध्ये कुणी तिच्याशी बोललं नाही. मॅडम म्हणाली, "सीट गीली हो जाएगी," म्हणून आई धर्मशाळा येईपर्यंत दांडा धरून उभी राहिली. साडी मात्र खरंच लवकर वाळली.

बढतीच्या पुढच्या यादीत वडिलांचं नाव नव्हतं. मला विचाराल तर ते कधीच येणार नव्हतं, बूट धरणाऱ्याला कोण फोरमन करतो? पण घरात निकाल लागून गेला होता. नवं कपाट घ्यायचं राहिलं, वडील म्हणायचे, तुझ्या समुद्रापायी. भोपाळातच अयोध्या नगरला छोटं घर बांधलं, तिथे भिंतीला ओल आली, तीही तुझ्या समुद्रापायी! कॉलेजात असताना कधीतरी मीही हेच शब्द आईला ऐकवले आहेत.

वडील गेले. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघी अयोध्या नगरच्या अंगणात मटार सोलत बसलो होतो. इतक्या वर्षांत मी तिला कधी विचारलं नव्हतं.

"त्या दिवशी पाण्यात किती वेळ होतीस गं?"

"कुठला वेळ? नुकतीच उतरले होते."

"एवढा वेळ काय करत होतीस मग?"

"काठावर बसले होते. एकटीला भीती वाटत होती. रखवालदाराला सांगून ठेवलं होतं ना, म्हटलं तू येशील. शेवटी धीर करून उतरले."

"मग?"

"मग तू आलीस," ती म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.