लायसन गेलं, लायझन आलं

"मनोहररावांना कंपनीनं काढलं म्हणे. त्यांनी म्हणे खाल्..."

दुधाच्या बूथवर दोघी बोलत होत्या. मला बघितलं आणि तोंडं मिटली! चिक्कडपल्लीच्या गल्लीत मनोहररावांची-माझी भिंत एक. पलीकडच्या फोडणीचा वास येतो, तसे त्यांच्या घरचे किस्सेही येतात. किती वर्षांचे साठलेत, मलाच ठाऊक.

* * *

परदेशी कंपन्या आल्या, तेव्हा मनोहरराव सरकारी नोकरी सोडून थंड पेयांच्या कारखान्यात लागले. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी पेढे घेऊन आल्या. "लायझन ऑफिसर झालेत."

मी सातवी पास. मला ऐकू आलं 'लायसन'. मी म्हटलं, "अहो, लायसनची भानगड संपली म्हणतात ना आता? मग यांना काम काय?"

मागून आलेले मनोहरराव पोट धरून हसले. "लायसन गेलं वहिनी, लायझन आलं! सरकारी साहेबांना सांभाळायचं, एवढंच काम."

* * *

त्या दिवाळीत मी करंज्यांचं ताट घेऊन गेले. मनोहररावांनी हात मागे घेतले. "माफ करा वहिनी. कंपनीचा नियम आहे, कुणाकडून काही घ्यायचं नाही."

"अहो, शेजारणीच्या करंज्या त्या!"

"नियम म्हणजे नियम."

व्हरांड्यात मात्र काजूकतलीचे डबे छताला टेकलेले. सरकारी बंगल्यांवर पोचवायचे होते. मी नुसतं बोट दाखवलं.

"ते घेणं नाही वहिनी, देणं आहे!"

* * *

आमच्याकडे कागद पुढे सरकावा म्हणून जे हळूच द्यावं लागतं, त्याला मामूल म्हणतात. एकदा कंपनीत सचोटीचे धडे द्यायला परदेशातून एक मॅडम आल्या. लाच द्यायची नाही, घ्यायची नाही, सगळं सांगून झालं. मनोहररावांनी भोळेपणानं विचारलं, "आणि मामूल?"

"मामूल म्हणजे?"

त्यांचे साहेब घाईघाईनं म्हणाले, "लोकल कस्टम, मॅडम!"

मॅडम खूश. "लोकल कस्टमचा मान राखायलाच हवा!"

टाळ्या पडल्या म्हणे.

* * *

मग कंपनीला समाजसेवा सुचली. कारखान्यामागच्या बस्तीत हातपंप बसवला. लाल फीत, फोटो. पंपाच्या दांड्यावर हात ठेवून म्हातारी लक्ष्मम्मा उभी, शेजारी साहेब. तो फोटो मनोहररावांनी हॉलमध्ये लावला होता.

पुढे कारखान्याची बोअर आणखी खोल नेली. उन्हाळा लागला आणि पंप कोरडा पडला.

लक्ष्मम्मा घागर घेऊन, दोन बस बदलून थेट त्यांच्या दारात. मी खिडकीतच होते. तिची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली. ओरडली नाही, रडली नाही.

"साब, फोटो में तो पानी आया था!"

मनोहररावांनी तिची घागर घरच्या नळावर भरून दिली. संध्याकाळी भिंतीवर नुसता खिळा होता.

* * *

आता हे शेवटचं. सुमनवहिनींनी डोळे पुसत सांगितलं.

परदेशातून चौकशीला माणसं आली. बोअर इतकी खोल न्यायची परवानगी मिळाली कशी? साहेब म्हणाले, "मला कल्पना नाही. ते मनोहर बघतो." मग मनोहररावांना बाजूला घेतलं. "तू आपल्या मनानं केलंस असं सांग. दुसऱ्या शहरात नोकरी देतो."

लेकीचं कॉलेज, घराचं कर्ज, सगळं त्या नोकरीवर. तरी मनोहरराव सगळ्यांसमोर म्हणाले, "मामूल दिलं मी. द्यायला सांगितलं साहेबांनी. आणि त्यानं बस्तीचं पाणी गेलं."

साहेबांची बढतीवर सिंगापूरला बदली झाली. मनोहरराव जेवणाचा डबा घेऊन दुपारीच घरी. बोअर आहे तिथेच आहे, तेवढीच खोल.

मला राहवेना. काही सणवार नव्हता, तरी करंज्या तळल्या आणि गेले. ते हॉलमध्ये त्या खिळ्याखाली बसले होते.

"मनोहरराव, गल्लीत बोलतात म्हणून विचारते. खाल्लंत का हो?"

"काढलं ते खरं, वहिनी. खाल्लं नाही." वर खिळ्याकडे बघत म्हणाले, "खिलवलं."

मी ताट पुढे केलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं.

"द्या. आता मला नियम नाही!"

एक करंजी उचलली. बराच वेळ हातात धरून बसले. खाल्ली मात्र नाही.