बुटांची पथ्यं

आमच्या घरात पथ्यं पाळली जातात ती फक्त बुटांची. आमच्या ह्यांचे तपकिरी, नाडीवाले, अस्सल चामड्याचे बूट, संशोधन संस्थेतून निवृत्त व्हायच्या आधी घेतलेले. पुसायचं फडकं वेगळं, क्रीम लावायचं वेगळं, ब्रश आणखी वेगळा. आकार बिघडू नये म्हणून आत लाकडी साचे. लखनौच्या पावसाळ्यात कपाटातल्या पट्ट्यालाही बुरशी धरते, पण ह्यांच्या बुटांना धरेल? नाव नको! दर रविवारी व्हरांड्यात, सावलीला, पेपर पसरून साग्रसंगीत पूजा. ऊन लागलं तर चामडं तडकतं म्हणे.

आणि स्वतःच्या टाचा तडकून भेगाळल्यात त्यांचं काय? अंगात जुना मधुमेह. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज तळपाय आरशात बघा, मलम लावा, पाय बधिर वाटले तर लगेच या. मलमाची ट्यूब खिडकीत वाळतेय. मी आठवण केली की "बघू". मुलीनं फोनवर "पापा, पैर चेक किये?" विचारलं की "हाँ हाँ". धडधडीत खोटं! माझ्या डोक्यात तिडीक जायची. एकदा मी म्हटलं, ते बुटांचं क्रीमच चोळा पायांना, निदान हात तरी फिरेल. तर हे गंभीरपणे म्हणतात कसे, ते चामड्यासाठी असतं.

यंदा मराठी मंडळाच्या गणपतीत ज्येष्ठ सभासद म्हणून ह्यांचा सत्कार ठरला आणि बूट बाहेर निघाले. पाय आताशा सुजतात, बोटं आत कोंबताना मला दिसत होती. सँडल घाला म्हटलं. ऐकतील तर शपथ! छान बसलेत, म्हणाले. इंदिरा नगरहून महानगर वस्तीपर्यंत ई-रिक्षा केली, पुढे हॉलच्या गल्लीत चिखल होता म्हणून रिक्षावाला आत येईना, चालत गेलो. बुटांवर शिंतोडा उडू नये म्हणून हे इतके जपून पावलं टाकत होते की मागचा स्कूटरवाला वैतागला. मी तर कधीचीच वैतागले होते.

हॉलच्या दाराशी चपलांचा ढीग पडलेला. ह्यांना त्यात बूट ठेववेनात, कुणी उचलून नेले तर? आत आरती सुरू झाली तरी हे पायरीशी पिशवी मागत उभे. शेवटी मी पर्समधली भाजीची पिशवी काढली, ह्यांना तिथल्या खुर्चीवर बसवलं आणि नाडी सोडली. उजवा बूट निघाला. पांढरा मोजा टाचेपाशी रक्तानं भिजला होता.

ह्यांनी आधी बुटात डोकावलं.

"अस्तराला डाग पडला का गं?"

मी रागानं बूट हिसकावून त्या चपलांच्या ढिगात भिरकावला. मोजा हलकेच उतरवला, तर टाचेचं सालटंच निघालेलं. अगं, मुळीच दुखत नाहीये, असं हे मलाच समजावत होते.  मी तिथंच फरशीवर बसले, पाय मांडीवर घेतला आणि त्याची करंगळी घट्ट दाबून धरली.

"मी आता कुठं दाबतेय, सांगा."

हे उत्तर द्यायच्या आधी वाकून बघायला लागले.