गुलाबी मेणबत्ती लावली अन् दारावर थापा पडल्या

मित्रांनो, दोनच तास झाले या गोष्टीले.

आमच्या शेजारच्या मेरी दीदी शाळेत शिकवतात. नाताळाआधीचे चार रविवार त्या येशूच्या जन्माची वाट पाहतात. हिरव्या पानांच्या चक्रात दर रविवारी एक मेणबत्ती वाढवतात. आज तिसरा रविवार, म्हणून आनंदाची गुलाबी मेणबत्ती होती. ती लावायला त्यांनी मले बोलावलं.

मी ती लावली अन् दारावर धडाधड थापा पडल्या. "धर्मांतरण बंद करो!" बाहेर पोट्टे ओरडत होते. दीदींच्या म्हाताऱ्या सासूबाई रडायलाच लागल्या.

मीच दार उघडलं. सगळ्यांच्या पुढे माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, निखिल!

"काहून आला रे इथं?"

त्याचा चेहरा पांढराफटक. "मौसी, आप यहाँ?"

"हव, मीच. आत्ता मेणबत्ती लावली मी. झालं का माझं धर्मांतर?"

तो खाली मान घालून "चलो" म्हणाला अन् सगळे निघून गेले.

दीदींनी प्रार्थना पूर्ण केली, पण दाराले आतून कडी लावून.

बहिणीले अजून फोन केला नाही. तुम्ही असता तर तिले काय सांगितलं असतं?