शरणप्पाचं लायसन

पहिल्याच भेटीत शरणप्पानं न विचारता माझ्या शर्टाच्या खिशात हात घातला. मी पोकलेन घेऊन कुंभारीच्या बाजूच्या त्या दगडखाणीवर नुकताच हजर झालो होतो, कुणाशी धड रामरामही झाला नव्हता. खाकी शर्टातला, पोट सुटलेला एक माणूस फाटकातच आडवा आला. त्यानं माझा मोबाईल काढला, काडेपेटी काढली, बिड्या काढल्या आणि लिंबाला टांगलेल्या तेलाच्या रिकाम्या डब्यात सगळं टाकून दिलं. मी त्याचा हात धरला तर म्हणाला, "डब्यात हे ऱ्हाईल, न्हायतर भायेर तू ऱ्हाशील. काय करायचं, बोल."

तेव्हाच माझं त्याच्याशी जे वाकडं आलं ते पुढं कधी सरळ झालं नाही.

शरणप्पा खाणीवरचा ब्लास्टर होता. खडकात पाडलेल्या होलांत स्फोटकं भरायची, त्यांना स्फोट पेटवणाऱ्या कॅपा जोडायच्या, तारा लांबवर ओढायच्या आणि आडोशाला बसून करंट सोडायच्या पेटीची चावी फिरवायची, हे त्याचं काम. त्याला सरकारचं लायसन लागतं आणि साऱ्या खाणीत ते त्याच्या एकट्याकडं होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो ते बंडीच्या आतल्या खिशात बाळगायचा. अक्कलकोटच्या पलीकडचा माणूस, घरात कानडी. चिडला की तोंडातून 'ब्याड, ब्याड' निघायचं, म्हणजे नको, नको. आणि चिडलेला नाही असा तो मला फारसा दिसलाच नाही. तोंडावर आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. पाठीमागं त्याचं नाव 'लायसन' असं पडलं होतं.

ते नाव त्यानं स्वतःच कमावलेलं. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "तू मेलास तर मला काय न्हाय, माझं लायसन जाईल." हे तो ड्रिलवाल्याला ऐकवायचा, टिपरवाल्याला ऐकवायचा, एकदा तर पाहुण्यांदेखत मालकाला ऐकवलं होतं. मालक हातात सिगारेट धरून खाली उतरत होते. त्यांच्या हातातली सिगारेट काढून त्यानं चपलेखाली चिरडली आणि वर हे वाक्य. पाहुणे हसले, मालकांचं तोंड एवढंसं झालं. मला त्या दिवशी मालकांची दया आली, आणि मालकांची दया येणारा माणूस मी नव्हे.

करकंबचा माणिक म्हणून एक ड्रिलवाला होता. कष्टाळू, गरीब स्वभावाचा. एकदा होलातली माती ठासायला लाकडी दांडा सापडेना, म्हणून त्यानं जवळची पहार उचलली. शरणप्पानं लांबून पाहिलं, तिथूनच पळत आला आणि माणिकच्या कानाखाली आवाज काढला. लोखंड दगडावर घासलं की ठिणगी पडते, हे तोंडानं सांगता आलं असतं. दोन मुलींचा बाप असलेल्या माणसाला चारचौघांत मारायची काय गरज होती? आम्ही सगळे काम टाकून बसलो. माफी माग म्हणालो. शरणप्पा तोंड वळवून बसला, माफी काही मागितली नाही. शेवटी माणिकच उठला आणि कामाला लागला. तेव्हापासून आम्ही कुणी शरणप्पाच्या पंगतीला डबा सोडला नाही. त्यालाही त्याचं काही वाटलं नाही. तो एकटा बसून कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर कडाकडा मोडून खायचा.

कोंडाबाई म्हातारीचंही त्याच्याशी असंच. तिची मेंढरं दुपारी खाणीच्या कडेच्या बाभळीखाली बसायची, आणि सुरुंगही दुपारच्या सुट्टीतच उडवायचे असत. एकदा बसलेलं मेंढरू सहजी उठत नाही. सगळे होल भरून तयार, शिट्ट्या मारून झाल्या, लाल झेंडे लागले, आणि म्हातारी म्हणायची, हितवर काय दगुड येतोय व्हय. शरणप्पा ढेकळं मारत मेंढरं उठवायचा. ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. तो तिलाही तेच सांगायचा, की म्हातारे, तू मेलीस तर मला काय न्हाय. शेवटचं कोकरू टेकाडापलीकडं जाईपर्यंत चावीला हात लावायचा नाही. आमची जेवणं उन्हात खोळंबायची.

आता खंडेनवमीचं सांगतो. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. खाणीवर कंप्रेसर, ड्रिल, पोकलेन, टिपर सगळं धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून ओळीनं उभं करतात. शरणप्पा दसऱ्याला गावी जायचा आणि जाताना पेटी कपाटात कुलूपबंद करून जायचा. पेटीला पूजा ब्याड, असं दरवर्षी बजावायचा. ज्या पेटीवर साऱ्या खाणीचं पोट चालतं तिलाच पूजेतून वगळायचं, हे कुणालाच पटत नव्हतं. त्या वर्षी मालकांच्या धाकट्या भावानं ऑफिसातली कपाटाची दुसरी चावी आणली आणि पेटी बाहेर काढली. आम्ही ती ओल्या फडक्यानं लख्ख पुसली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडून पाणी शिंपडलं. मनापासून केलं. संध्याकाळी कोरडी करून जिथल्या तिथं ठेवली. शरणप्पाला कुणी काही सांगितलं नाही. सांगून शिव्या कोण खाणार?

दसरा झाला आणि पहिलाच सुरुंग फसला. पुढची ओळ उडाली, मागचे होल तसेच राहिले, आणि त्यांच्यावर फुटलेल्या दगडाचा ढीग येऊन बसला. शरणप्पानं धूर निवेपर्यंत कुणाला हलू दिलं नाही, मग एकटाच खाली जाऊन तारा बघून आला. वर आल्यावर त्यानं पेटी मांडीवर घेतली आणि तारा जोडायच्या जागेचा स्क्रू काढला. आत ओल होती आणि आट्यांमध्ये लाल गाळ बसला होता. त्यानं तो अंगठ्यावर घेतला, नाकाशी नेला, आणि आमच्याकडं बघितलं. शिवी दिली नाही. शिव्या न देणारा शरणप्पा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि मला तो जास्तच भयंकर वाटला.

मालकांना रस्त्याच्या कामाला खडी त्याच दिवशी हवी होती. ते म्हणाले, सगळे होल उडालेत, ढीग दिसतोय की एवढा, पोकलेन घाल. म्हणजे मला घाल. मीही मशीन सुरू केलं. खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. मला वाटलं, हा माणूस नेहमीसारखा अडून बसलाय, याची जिरायलाच हवी.

खाणीत उतरायच्या अरुंद रस्त्यावर शरणप्पा मांडी घालून बसला. मांडीवर लाल झेंडा. मी बकेट त्याच्या डोक्यावर नेऊन धरलं, हॉर्न वाजवला. वरून मालक हात करत होते, जा, जा. मी इंजिन बंद न करताच ओरडलो, "अण्णा, सरका. मालकांचं सांगणं हाय."

"आत कॅपा हायत," तो म्हणाला. "तुझं बकेट लागलं की उडतील. तू मेलास तर..."

तेवढंच म्हणाला. पुढचं ठरलेलं वाक्य त्यानं पुरं केलं नाही. घसा सुकला असेल, ऊन होतं.

तो हलत नाही असं बघून मी मशीन मागं घेतलं. मग त्यानं माणिकला त्या जागी बसवलं, झेंडा त्याच्या हातात दिला आणि कुणाला खाली सोडू नको म्हणून सांगितलं. ज्याला मारलं होतं त्यालाच. आणि माणिकही बसला, हे मला अजून कळलेलं नाही. शरणप्पानं लिंबावरच्या डब्यातला आपला मोबाईल घेतला आणि चालत पार डांबरी रस्त्यापर्यंत गेला. तिथं पोचल्यावरच तो चालू केला, आणि आपल्याच खाणीची तक्रार सरकारी साहेबांकडं केली.

साहेब लोक आले. ढिगावर पाण्याचा मारा करून, हातानं दगड बाजूला करत त्यांनी न उडालेली स्फोटकं बाहेर काढली. माझं बकेट तिथं लागलंच असतं असं नाही. मी आजही म्हणतो, लागलंच असतं असं नाही. मग साहेबांनी पेटीबद्दल विचारलं. धाकटे मालक पांढरेफटक पडले. आम्ही सगळे जमिनीकडं बघत होतो. कुणी काही बोलायच्या आत शरणप्पाच पुढं झाला. पेटी माझ्या ताब्यातली, दुसरी चावी ऑफिसात ठेवू दिली ती मी, म्हणाला. पूजेचं नावसुद्धा काढलं नाही. बंडीत हात घालून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि साहेबांच्या हातात दिली.

खाणीला सील लागलं. आमची सगळ्यांची कामं गेली. माझी बायको पोरांना घेऊन सांगोल्याला माहेरी जाऊन राहिली, मी मिळेल तिथं मशीन चालवत फिरलो. त्या दिवसांत शरणप्पाला मी रोज शिव्या घातल्या. वाचवायचं होतं तर गुपचूप वाचवायचं, साहेबांना बोलावून सगळ्यांच्या पोटावर पाय कशाला द्यायचा? याचं उत्तर मला ठाऊक आहे, पण म्हणून राग जातो असं नाही.

परवा अक्कलकोट रस्त्यावर एका पेट्रोल पंपात गाडी घातली. मोबाईलवर बोलत होतो. कुणीतरी काचेवर काठी आपटली आणि ओरडलं, "फोन बंद. इंजिन बंद. उतर खाली." वॉचमनचा ढगळ शर्ट, गळ्यात शिट्टी. पोट उतरलं होतं, मान बारीक झाली होती. पण माझ्या हातातला मोबाईल काढून त्यानं डॅशबोर्डवर फेकला त्यावरून मी ओळखलं. त्यानंही मला ओळखलं, पण काठी खाली घेतली नाही.

माणिक कुटं असतो, त्यानं विचारलं. पंढरपूरकडं विहिरींच्या कामावर आहे, मी सांगितलं. कोंडाबाई? मेंढरं विकली, लेकीकडं असते, अजून शिव्या देते. त्यावर त्यानं मान हलवली. एवढ्यावर मी निघायला हवं होतं. पण इतक्या दिवसांचं साचलेलं होतं, आणि कुठं टोचलं की त्याला लागेल हेही मला माहीत होतं.

"लायसन गेलं की तुमचं, अण्णा," मी म्हणालो.

"गेलं की." त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू हायस न्हवं?"

माझ्या मागं एक टेम्पो येऊन थांबला होता. शरणप्पानं शिट्टी तोंडात धरली आणि काठीनं माझ्या गाडीचं बॉनेट ठोकून मला पुढं सरकायला लावलं.