रेणूचा व्हिसा अन् भेंडीचा शिक्का

आमच्या शिशुगृहात धुणं निघतं तसे किस्से निघतात. रोज बादलीभर! वाळत घालायला दोरी पुरत न्हाई. मी इथली मावशी. लेकरांना न्हाऊ घालते, भरवते, रागावते बी. आजची बादली रेणूच्या व्हिसाची.

रेणू चार वर्षांची. तिला दत्तक घेणारे मम्मी-पप्पा अमेरिकेत. कलेक्टरची ऑर्डर झाली, पासपोर्ट आला, अडलं व्हिसावर. सकाळी उठली की उशाजवळच्या त्यांच्या फोटोला विचारायची, "निघाले का?"

*

व्हिसासाठी फोटो काढायचा होता. मी वेणी घातली, गालावर ठसठशीत तीट लावली. फोटो परत आला!

शिशुगृहाच्या मॅडम म्हणाल्या, "मावशी, गालावर डाग चालत नाही."

"का? तिकडं लेकरांना नजर लागत न्हाई का?"

दुसऱ्या फोटोला तीट तळपायाला लावली. बघा म्हटलं आता काय बघायचं ते!

*

माझी नणंद जाफराबादहून आल्ती. म्हणे, "पोरगी एवढ्या लांब देऊन राह्यले, काळजी न्हाई वाटत?"

"तू नेती का? आत्ता कपडे बांधून देते!"

अर्धा चहा टाकून पहिल्या जीपनं गेली.

*

आमची स्वयंपाकीण शमीमबी म्हणाली, "वहाँ खिचडी कहाँ मिलेगी? आत्तापासून सवय लावा." सुरू केला ब्रेड. रेणू तो मांजराला घालायची.

एक दिवस व्हिडिओ कॉलवर मम्मीनं ताट दाखवलं. पिवळी खिचडी! स्वतः केलेली.

रेणूनं शमीमबीकडं बघितलं. "खोटारडी!"

*

मंग रेणूनं व्हिसाचा खेळ काढला. साहेब होऊन पाटावर बसायची. भेंडीचं कापलेलं देठ कुंकवात बुडवून लेकरांच्या हातावर ठसा उठवायची. झाला व्हिसा!

माझी पाळी आली की देठाचा हात मागं घ्यायची.

"तुझा न्हाई झाला. उद्या ये."

"अगं, पण का?"

"कागद कमी हायेत!"

मॅडम फोन ठेवून रोज हेच तर सांगायच्या. तो फोन वाजला की माझ्या हातातलं काम थांबायचं. आला म्हणावं, असंबी वाटायचं. अन् न्हाई म्हणाल्या की रेणूला जरा जास्तच वेळ न्हाऊ घालायचे मी.

*

अन् एक दिवस आला व्हिसा. मम्मी-पप्पा घ्यायला आले, गाडी दारात लागली. शमीमबी पदर तोंडाला लावून उभी. मी म्हटलं, मला न्हाई जमत असली थेरं! मागं जाऊन दुपटी पिळत बसले. पिळलेलीच परत पिळली.

तेवढ्यात नवे बूट वाजवत रेणू आली. बोटं लाल, मुठीत भेंडीचं देठ. माझा ओला हात ओढला अन् जोर लावून ठसा उठवला.

"झाला तुझा," म्हणाली. "चप्पल घाल मावशी, जल्दी. गाडी उभी हाय."