बर्फाचा शेरा

देवगाव रंगारीच्या शाळेत मी तेव्हा नवीन होते. इंग्रजीच्या शिक्षकांचं प्रशिक्षण संभाजीनगर शहरात होतं, म्हणून तिथल्याच गारखेड्याच्या घरून थेट हॉलवर गेले. तज्ज्ञ म्हणून आलेले सर आमच्याच जिल्ह्यातल्या एका नावाजलेल्या शाळेतले. त्यांनी मला पुढं बोलावून उतारा वाचायला लावला. मी 'व्हेजिटेबल' हा शब्द शेवटी चांगला ठणठणीत 'टेबल' म्हणत वाचला.

"थांबा, थांबा," सर म्हणाले. "मॅडमनी भाजीबरोबर टेबलपण आणलंय. कुणीतरी खुर्ची द्या रे त्यांना."

हॉल हसला. जिच्या डब्यातलं थालीपीठ मी नुकतंच खाल्लं होतं, ती शेजारी बसलेली बाईही हसली. चहाच्या वेळी सर जवळ येऊन म्हणाले, "मनावर नका घेऊ. गावाकडं चालतं असं."

मी घेतलं मनावर.

शाळेला जाता-येता बसमध्ये बसून मी इंग्रजी शिक्षकांसाठीचे ऑनलाइन कोर्स करू लागले. वाटेत रेंज जायची, म्हणून व्हिडिओ घरूनच उतरवून न्यायचे. आपला आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा आणि देशोदेशीच्या शिक्षकांनी त्यावर मत द्यायचं, अशी पद्धत होती. नेपाळमधल्या एका बाईंनी लिहिलं, तुमचा शब्द न् शब्द कळतो, मुलांना आणखी काय हवं? बरं वाटलं, पण राग तसाच राहिला. शिकण्याच्या आवडीनं शिकले असं मी कुणाला सांगत नाही. त्या हॉलवर डूख धरून शिकले. एक झाला की दुसरा कोर्स. शेवटी त्याच कोर्सवाल्यांनी मला परीक्षक केलं.

आणि एक दिवस तपासायला आलेल्या पाठांत सरांचं नाव दिसलं. बढतीसाठी त्यांना ते प्रमाणपत्र हवं होतं.

त्यांनी पाठाचं टाचण परदेशातल्या कुठल्या तरी वेबसाइटवरून जसंच्या तसं उचललं होतं. त्यात लिहिलं होतं, मुलांना खिडकीबाहेरचा बर्फ दाखवा आणि त्यावर बोलतं करा. आमच्याकडं एप्रिल चालू होता, पंखासुद्धा गरम हवा फेकत होता. मी एकटीच मोठ्यानं हसले.

फोन करून "सर, एवढं बदला" म्हणता आलं असतं. शेरा फक्त त्यांनाच दिसेल, अशीही सोय होती. मी तो सगळ्या तुकडीला दिसेल असा टाकला, अगदी अदबशीर इंग्रजीत: संभाजीनगरच्या कोणत्या भागात बर्फ पडतो, कृपया कळवावं. पाठ परत.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"मॅडम, तेवढा शेरा काढता का? आमच्या शाळेतले लोक लई हसायलेत."

"मनावर नका घेऊ, सर."

ते म्हणाले, "आपण भेटलोय का कुठं?"

मी हॉलची सगळी हकीकत सांगितली. ते भाजी-टेबलचं वाक्यसुद्धा, त्यांच्याच सुरात.

"असेल बुवा," ते म्हणाले. "इतकी प्रशिक्षणं घेतली, कुणाकुणाला काय बोललो, कसं ध्यानात ऱ्हाणार?"

माझी इतकी वर्षं ज्यावर पोसली, ते त्यांच्या आठवणीतही नव्हतं. कानशिलं तापली. काढणार असते तरी त्यानंतर मी तो शेरा काढला नसता.

त्यांनी पाठ पुन्हा पाठवला. या वेळी स्वतःच्या वर्गात घेतलेला, विषय भाजीबाजार. मी चूक शोधायलाच बसले. पोरं भाव करत होती, भांडत होती, मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकमेकांना गिऱ्हाईक बनवत होती, आणि सर मागं उभं राहून कुणालाही न टोकता ऐकत होते. पाठ चांगला होता. मी परत पहिल्यापासून पाहिला, तरी चांगलाच होता. दात आवळून पास केला.

आठवड्याभरानं प्रमाणपत्र हातात धरलेला त्यांचा फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर आला. अभिनंदनांची रांग लागली. कुणीतरी मला टॅग करून लिहिलं, "मॅडम, तुम्हीपण दोन शब्द टाका."

मी ग्रुप म्यूट केला आणि कुकर लावायला उठले.