उलटं केलं की उभे राहणारे डोंगर

"उलटं करा, म्हणजे उभे राहतील," हे बाईंचं ठरलेलं वाक्य. बोलता बोलता त्या स्क्रीनवरचं चित्र गर्रकन फिरवायच्या आणि हाताची घडी घालून समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायच्या.

कर्वेनगरच्या आमच्या ऑफिसात उपग्रहांनी काढलेल्या फोटोंवरून हिमालयाचे नकाशे होतात. बाई तिथल्या सगळ्यांत जुन्या. नव्यांना काम त्याच शिकवायच्या, म्हणून सगळ्यांच्या बाई.

असा फोटो कधी पाहिला असेल, तर तुम्हीही फसला असाल. हिमालयात सावल्या उत्तरेला, म्हणजे चित्रात वरच्या बाजूला पडतात. आपल्या डोळ्यांना मात्र उजेड वरून यायची सवय. त्यामुळे शिखरं खड्ड्यांसारखी दिसतात आणि दऱ्या डोंगरांसारख्या. पहिल्याच आठवड्यात मी एक अख्खी नदी डोंगरमाथ्यावरून नेली होती.

"वा!" बाई म्हणाल्या. "आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, तुम्ही थेट शिखरावर चढवलंत."

मग त्यांनी चित्र फिरवलं. खड्डे एकदम वर आले. रांगांमागून रांगा, पांढऱ्याशुभ्र, नजर पोचेल तिथवर, आणि मधून तापल्या दुधावरच्या सायीसारख्या सुरकुतलेल्या हिमनद्या. माझ्या अंगावर काटा आला. एवढं मोठं काही मी आजवर पाहिलं नव्हतं, आणि तेही खुर्चीत बसून.

"आता कसं!" बाई हळूच म्हणाल्या. इतकी वर्षं बघूनही अशा वेळी त्यांचा आवाज खाली यायचा.

एक हिमनदी मात्र त्या कुणाला देत नसत. पावसाळा सरून तिकडचं आकाश निवळलं की तिचा नवा फोटो त्या स्वतः उघडायच्या, आणि त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच राहायचा. एकदा मी कारण विचारलं. त्यांचा धाकटा भाऊ गिर्यारोहक होता. तिथेच बर्फाचा कडा कोसळला आणि तो सापडलाच नाही.

"पण बाई, या फोटोतला एक ठिपका म्हणजे आपली अख्खी इमारत. माणूस कसा दिसेल?"

"माणूस नाही हो दिसत. तो आहे ती जागा दिसते." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "आणि बर्फ काही थांबून नसतो, सरकत असतो. निघालाय तो खाली यायला. जरा सावकाश आहे, लहानपणापासूनच."

मला हसू आलं, आणि त्यांचा न उघडलेला डबा मी हळूच त्यांच्यापुढे सरकवला.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. "तो पोचेपर्यंत माझ्याच्यानं थांबवणार नाही. मीच जरा पुढे जाते," म्हणाल्या. घरच्यांनी गुडघ्यांची आठवण करून दिली. त्या ऐकतात कसल्या! या ऑक्टोबरात त्या हिमनदीखालच्या शेवटच्या गावातून त्यांचा फोन आला.

"उद्या सकाळी उपग्रह इथून जातोय ना? मी बर्फाच्या तोंडाशी जाऊन उभी राहते. ढग नसले म्हणजे मिळवलं."

फोटो आला. ढगाचा मागमूस नव्हता. मी चित्र उलटं केलं. डोंगर उभे राहिले. हिमनदी संपते तिथे राखाडी दगड होते आणि पाण्याची बारीक रेघ. बाई दिसणं शक्यच नव्हतं. तरी त्यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी मी कितीतरी वेळ बघत बसलो.

संध्याकाळी फोन वाजला. पलीकडे वाऱ्याचा आवाज होता.

"मी आले का हो फोटोत?"

"आलात," मी म्हणालो. "दोघंही आलात."